आकडा

नानांच्या पंपाच्या पाठीवर एक लहानशी खिडकी आहे. तीत उरलेल्या मात्रांचा आकडा दिसतो. श्वासावाटे औषध घेण्याच्या त्या उपकरणाला आमच्याकडे सगळे पंपच म्हणतात. नवा आणला तेव्हा खिडकीत १२० होते. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा दाबायचा, म्हणजे दिवसाला चार मात्रा. सव्वीस दिवसांनी तिथे १६ दिसायला हवे होते. ऐन पावसाळ्यातल्या त्या रात्री नानांना टॅक्सीत घालून परळच्या एका रुग्णालयात नेले आणि पिशवीतून काढून पंप डॉक्टरांच्या हाती दिला, तेव्हा खिडकीत ९७ होते.

"हे औषध घेत नव्हते का?" डॉक्टरांनी विचारले.

घेत होते, असे मी ठामपणे सांगितले. सांगणारच. रोज सकाळी डबे भरता भरता मी स्वयंपाकघरातून विचारत असे, "नाना, पंप घेतलात?" आणि आतून "घेतला" असे उत्तर येई. माझ्या लेखी तेवढ्यावर काम झालेले असे.

डॉक्टरांनी पंप नानांच्या हाती दिला आणि माझ्यासमोर घ्या म्हणाले. नानांनी तो बरोबर तोंडाला लावला, अंगठा खाली आणि तर्जनी वर ठेवली, श्वास ओढला. मानेच्या शिरा ताणल्या. पंपातली डबी मात्र जागची हलली नाही. आणखी एकदा. पुन्हा नाही. मग डॉक्टरांनी स्वतःची दोन बोटे पुढे केली. "आजोबा, ही बोटं घट्ट धरा. अजून घट्ट."

"धरलीत की," नाना म्हणाले.

ते खरेच बोलत होते. त्यांच्याकडे होते नव्हते तेवढे बळ लावून त्यांनी ती बोटे धरली होती. ज्या तेवीस मात्रा खिडकीतून कमी झाल्या होत्या, त्या कोणत्या दिवशी कशा दाबल्या गेल्या हे आम्हांला कधीच कळले नाही. उरलेल्या वेळी ते पंप तोंडाला लावत, हवा आत घेत आणि ठेवून देत. पंप दाबता येत नाही, हे लेकीला सांगण्यापेक्षा "घेतला" म्हणणे सोपे होते.

नानांनी हे का लपवले असेल, हे समजण्यासाठी त्यांचा हात पूर्वी काय होता ते सांगायला हवे. पाटण तालुक्यातल्या एका वाडीतून ते १९६० साली अठराव्या वर्षी मुंबईला आले. गावकऱ्यांच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण आणि कॉटन ग्रीनच्या गोदामांत रुईच्या गाठी हलवण्याचे काम. शिवडीहून ते चालत जात. एकेक गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास. ती हाताळण्याचे हत्यार एकच, आकडा. आडव्या लाकडी मुठीतून निघालेला लोखंडी बाक बोटांच्या मधून बाहेर येतो. तो गाठीच्या वेष्टनात रुतवायचा आणि दोघांनी मिळून गाठ कलती करायची, लोळवायची, थप्पीला लावायची. १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि या कष्टकऱ्यांना नोंदणी, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधीचे संरक्षण मिळाले. माथाडी या शब्दात माथा आहे. नाना म्हणत, "वझं माथ्यावर दिसतंय, पण धरत्या मुठी." मूठ सुटली की गाठ पायावर, हे त्यांनी सोबत्यांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले होते.

मला आठवते ते शिवडीचे रेल्वे फाटक. शाळेत असताना बंदराच्या बाजूला जायचे तर ते फाटक ओलांडावे लागे. नाना माझा हात धरत नसत, मनगट धरत. आपण पडलो तर हा माणूस पडणार नाही, एवढी खात्री त्या पकडीत होती. दिवाळीच्या आधी धुतलेली गोधडी ते एकटे पिळत. एक टोक आई धरी आणि दुसरे ते. आई थकली की तिचे टोक नळाला गुंडाळून एकटेच पिळत, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

रुग्णालयात नऊ दिवस गेले. शिवडीत राहणाऱ्यांना खोकला म्हटला की आधी क्षयरोग रुग्णालयच डोळ्यांपुढे येते. तसे माझेही झाले. थुंकीची तपासणी झाली, क्षय नाही असे निष्पन्न झाले. छातीचा जुना विकार आणि त्यावर न्यूमोनिया. नाना घरी आले आणि पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी त्यांना फिजिओथेरपी विभागात पाठवले. तिथे ते यंत्र पाहिले.

यंत्र म्हणजे फार काही नाही. दोन दांड्यांची एक मूठ आणि वर घड्याळासारखी तबकडी. दांड्या मुठीत दाबायच्या, काटा किती किलोपर्यंत गेला ते वाचायचे. त्याला हँड डायनॅमोमीटर म्हणतात. फिजिओथेरपिस्ट मुलगी वयाने माझ्या लेकाएवढी असेल, पण मोजण्याच्या बाबतीत मोठी काटेकोर. तिने नानांना पाठ टेकून ताठ बसवले, पावले जमिनीवर सपाट ठेवायला लावली, बोटातली अंगठी काढायला लावली. दंड अंगालगत, कोपर काटकोनात, अंगठा वर. मुठीची रुंदी हाताच्या मापाप्रमाणे बदलून घेतली. "श्वास रोखू नका हं आजोबा. मी सांगितलं की दाबायचं आणि सोडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही." एकदा उजवा, एकदा डावा, मध्ये विश्रांती, असे प्रत्येक हाताने तीन वेळा. सहांपैकी सर्वांत मोठा आकडा धरायचा. एवढे नियम कशाला, असे मला वाटले होते. पण कोपर सरळ केले किंवा हात खुर्चीच्या दांडीवर टेकवला, की आकडा बदलतो. आणि मागच्या वेळच्या आकड्याशी पुढच्या वेळचा ताडून पाहायचा असेल, तर दोन्ही वेळी बसणे सारखे हवे. मनगटाचे हाड मोडलेले, बोटांचे सांधे सुजलेले, हाताची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल, तर आकड्यावरून काही अनुमान काढू नये, असेही तिने सांगितले. जोर लावताना रक्तदाब क्षणभर चढतो, म्हणून ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही किंवा ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

नानांचा सर्वांत मोठा आकडा २० आला.

आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी भरली, तर ती क्षीण समजतात. युरोपातील तज्ज्ञांच्या मर्यादा थोड्या खाली आहेत, २७ आणि १६. नानांनी तबकडीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, "यंत्र बिघडलंया तुमचं."

"नाही हो आजोबा."

"मग हिला दाबू द्या. तूच दाबून बघ गं."

त्यांची समजूत पटावी म्हणून मी खुर्चीत बसले. त्या वेळी मी सत्तावन्न वर्षांची होते, नानांहून पंचवीस वर्षांनी लहान. बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, घर चालवणारी, आजारी वडिलांची ने-आण करणारी. मी दाबले. १६. पुन्हा दाबले, दात आवळून. १७. तिसऱ्यांदाही १७. डाव्या हाताने त्याहून कमी.

मुलगी काही क्षण बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "काकू, तुम्हांला शुगर आहे का?" आहे, दहा वर्षे. नाना माझ्याकडे पाहत होते. यंत्र बिघडलेले नाही, हे त्यांना बहुधा तेव्हा पटले.

घरी आल्यावर मी या विषयाचे मिळेल ते वाचून काढले. भीती वाटली की मी वाचत सुटते. ही सवय चांगली की वाईट ते माहीत नाही. हाताची पकड तळहातात नसते, ती कोपराखालच्या हातात असते. बोटे मिटणारे मोठे स्नायू तिथे आहेत आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत गेल्या आहेत. मूठ आवळताना या स्नायूंसह मेंदूकडून येणारी आज्ञा, तिला वाहून आणणाऱ्या नसा, रक्तपुरवठा आणि कित्येक महिन्यांचे पोषण असे सगळेच कामाला लागते. म्हणून मुठीवरून सर्वांगाच्या स्नायूंचा अंदाज येतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तीच ही.

वयाबरोबर पकड कमी होते, यात नवे काही नाही. तिशी-पस्तिशीच्या आसपास ती सर्वाधिक असते आणि पन्नाशीनंतर उतार स्पष्ट दिसू लागतो. नवे आहे ते हे की, हा उतार किती तीव्र आहे त्यावरून पुढचे बरेच काही कळते. 'प्युअर' नावाच्या मोठ्या पाहणीत भारतासह १७ देशांतील, ३५ ते ७० वर्षांच्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजली गेली आणि पुढे सुमारे चार वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. २०१५ साली 'द लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले. पकड दर ५ किलोंनी कमी, तर त्या काळात मृत्यू येण्याचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. मृत्यूचा धोका ओळखण्याच्या कामी पकड ही वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरली. रक्तदाबाचे यंत्र आता घरोघरी आहे. मूठ कोणी मोजत नाही.

इथे एक गल्लत होऊ शकते आणि मीही ती पहिले दोन दिवस केली. पकड क्षीण असल्यामुळे माणूस मरतो, असे त्या पाहणीचे म्हणणे नाही. पकड खूण आहे. शीत कच्चे लागले तर भात कच्चा आहे असे समजायचे. ते एकच शीत उचलून वेगळे शिजवले तर भात शिजत नाही. मी मात्र पहिल्याच संध्याकाळी लालबागला जाऊन दोन रबरी चेंडू आणले होते, एक नानांना आणि एक मला. टीव्हीसमोर बसून आम्ही दोघे ते दाबत होतो. पुढच्या भेटीत मुलीने ते ऐकले आणि हसू आवरत म्हणाली, "दाबा, काही वाईट नाही. पण चेंडू दाबून फक्त चेंडू दाबता येतो, काकू."

माझी झोप उडवली ती दुसऱ्या एका अभ्यासाने. हवाई बेटांवरील होनोलुलू येथे जपानी वंशाच्या ४५ ते ६८ वर्षांच्या निरोगी पुरुषांची पकड १९६५ ते १९७० या काळात मोजून ठेवली होती. अशा ६,०८९ जणांविषयीचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पंचवीस वर्षांनी जे हयात होते, त्यांत मधल्या वयात पकड सर्वांत कमी असलेल्या तिसऱ्या हिश्श्यातील लोकांना आंघोळ, कपडे घालणे अशा स्वतःच्या कामांत परावलंबित्व येण्याचा धोका सर्वांत बळकट हिश्श्याच्या दुपटीहून जास्त होता. मोजले तेव्हा ते सगळे धडधाकट होते. मी स्त्री आहे, भारतीय आहे, मधुमेही आहे. होनोलुलूचे गणित मला जसेच्या तसे लागू होणार नाही. पण सत्तावन्नमधला १७ हा आकडा सत्तावन्नपुरता नसतो, एवढे मला कळले. आमच्या घरातले म्हातारपण नानांचे आहे, अशी माझी समजूत होती.

भारतातल्या भारतीयांचे मोजमाप कुठे आहे, हे शोधताना गंमत झाली. ते आमच्याच हार्बर मार्गावर निघाले. शिवडीपासून सातवे स्थानक गोवंडी. तिथे १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. चेंबूरच्या मावशीकडे जाताना मी त्या दिशेने शेकडो वेळा गेले असेन. देशातील वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'लासी' म्हणतात, तो ही संस्था चालवते. त्याच्या पहिल्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, ४५ वर्षे आणि त्यावरील सुमारे ७२ हजार लोकांच्या घरी जाऊन पाहणी झाली. उत्पन्न, आजार, एकटेपणा असे प्रश्न विचारून कार्यकर्ते थांबले नाहीत. उंची, वजन, रक्तदाब, चालण्याचा वेग यांबरोबर त्यांनी दोन्ही हातांची पकडही मोजली. त्याच लोकांकडे पुन्हा पुन्हा जाऊन पाहायचे, अशी या अभ्यासाची रचना आहे. आपल्या उपखंडातील माणसांची पकड सरासरीने युरोपातल्या माणसांपेक्षा कमी भरते, म्हणून परक्या देशाच्या तक्त्यात स्वतःला बसवून घाबरण्यात अर्थ नाही आणि निश्चिंत होण्यातही नाही. आपले आकडे आपल्याच माणसांचे हवेत. कुणा खेड्यातल्या ओसरीवर एखादी आजी ते यंत्र हातात घेऊन "काय दाबू बाई?" असे विचारत असेल, हे चित्र मला उगाचच आवडते.

आता नानांच्या मुठीचे काय झाले, ते. वयाने थोडी गेली, छातीच्या विकाराने थोडी गेली, हे खरेच. पण बाकीची आम्ही काढून घेतली. हे लिहायला जड जाते. आई गेल्यावर नाना माझ्याकडे राहायला आले, त्याला नऊ वर्षे झाली. आले तेव्हा ते सकाळी दूध आणत, भाजी आणत, स्वतःचे कपडे स्वतः पिळून वाळत घालत. पहिल्यांदा मी त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली. मग दूध घरपोच सुरू केले. मग कपडे यंत्रात. न्हाणीघरातली बादली जावयांनी भरून ठेवायची, बाटलीचे झाकण नातवाने उघडून द्यायचे, नारळ मी सोलायचा. "नाना, तुम्ही बसा." आयुष्यभर ओझी उचलली, आता आराम करू दे, असे आम्हांला मनापासून वाटत असे. येणारे-जाणारे कौतुक करत, लेक किती करते म्हणून. नऊ वर्षांत त्या घरात नानांनी पेल्याहून जड असे काही उचलले असेल, असे मला वाटत नाही. म्हणूनच त्यांची पकड गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. पकड गेल्याचे कळायला काहीतरी धरावे लागते.

त्यात रुग्णालयातले नऊ दिवस. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस नुसते अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो मांस कमी झाले, असे २००७ सालच्या एका लहानशा प्रयोगात दिसले आहे. तीही निरोगी माणसे होती. तापाने फणफणलेल्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचे काय होत असेल? स्नायू झिजण्याच्या या अवस्थेला 'सार्कोपेनिया' हे नाव अमेरिकेतील आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुचवले. ग्रीक शब्दांवरून, मांसाची उणीव या अर्थाने. आपल्याकडे अशाला 'हाडं-कातडं उरलं' म्हणत आणि वय झाले म्हणून सोडून देत.

आणि माझी मूठ? ती कोणी काढून घेतली नाही, मीच ठेवून दिली. आईचा दिवस आठवला की लाज वाटते. पहाटे नळावरून कळशा, पाट्यावर वाटण, दहा माणसांच्या भाकऱ्यांचे पीठ मळणे, चाळीतल्या मोरीत कपडे आपटणे आणि पिळणे. त्या कष्टांचे मी गोडवे गाणार नाही. त्यांनी तिची कंबर मोडली आणि तिला बसून जेवायला वेळ दिला नाही. मिक्सर आणि धुलाई यंत्र आले, हे बायकांचे मोठे भाग्यच. पण त्या कष्टांच्या जागी मी काहीच ठेवले नाही. छत्तीस वर्षे खुर्चीत बसून बोटांनी कळफलक चालवला आणि सातव्या मजल्यावर लिफ्टने चढले. शिवडी स्थानकात गाडीत चढताना दांडा धरायची, तेवढीच पकड. निवृत्तीनंतर तोही सुटला.

आमचा कार्यक्रम ठरला तो असा साधा. नानांसाठी आधी पंपाची व्यवस्था. तो दोन्ही हातांनी धरायचा, दोन तर्जन्या वर आणि दोन अंगठे खाली, म्हणजे अर्धे बळ पुरते. आणि पंपाला स्पेसर नावाची प्लास्टिकची नळकांडी जोडायची, म्हणजे दाबण्याची आणि श्वास ओढण्याची वेळ तंतोतंत जुळली नाही तरी औषध फुकट जात नाही. सकाळी मी आता स्वयंपाकघरातून विचारत नाही, खिडकीतला आकडा वाचते. मग खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, आधी तीनदा, मग पाचदा, मग दहादा. भिंतीला तळवे टेकून अंग पुढेमागे करणे. एका कापडी पिशवीत एक किलो तांदूळ घालून ती हातात धरून दिवाणखान्यात फेऱ्या, पुढे दोन किलो. पंचा स्वतः पिळायचा. मुलीने नानांना सांगितले, "आजोबा, पाय आणि पाठ आधी, मूठ मागून येते." आठवड्यातून निदान दोन दिवस वजनाचे व्यायाम, रोज थोडे चालणे, आणि धाप लागली तर थांबणे. मलाही तेच, फक्त वजन जास्त.

जेवणाचा हिशेब केला तेव्हा मी थक्क झाले. ज्येष्ठांना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. नानांचे वजन ४६ किलो, म्हणजे पन्नासच्या आसपास. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन घास भात आणि वरणाचे पाणी, संध्याकाळी चहा-टोस्ट, रात्री मऊ भात. जेमतेम पंचवीस ग्रॅम भरले असतील. पचायला हलके म्हणून आम्ही त्यांना जे देत होतो, ते सगळ्याच अर्थांनी हलके होते. आता सकाळी दोन अंडी, दुपारी घट्ट वरण किंवा मुगाची उसळ, सोबत दही, रात्री दूध-भाकरी कुस्करून, आणि आठवड्यातून दोनदा बोंबील किंवा सुकट, ती मात्र ते मागून घेतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने अशी परस्पर वाढवू नयेत. आम्ही रक्ताची तपासणी करून मगच सुरुवात केली.

सहा महिन्यांनी फेब्रुवारीत पुन्हा मोजले. नाना २३, मी १९. मला आनंद झाला आणि मी तो लपवला नाही. मुलीने जरा पाणी ओतले, म्हणाली की दोन-तीन किलोचा फरक त्या दिवसाच्या झोपेचा आणि उत्साहाचाही असू शकतो, एका आकड्यावर नाचू नका. तिचे समाधान दुसऱ्या मोजणीने झाले. खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला नानांना ऑगस्टमध्ये २१ सेकंद लागले होते, आता १५ लागले. बारा सेकंदांच्या आत यायला हवे. नाना २८ पर्यंत पोहोचतील असे तिने कधीच म्हटले नाही आणि मीही विचारले नाही. ब्याऐंशीचे त्र्याऐंशी होताना २० चे १८ झाले नाहीत, हेच खूप आहे असे तिच्या बोलण्यावरून वाटले. आई देवाजवळ एकच मागे, हातीपायी धड असताना डोळे मिटू देत. त्या मागण्यात पायांच्या आधी हात का येतो, याचा मी पूर्वी कधी विचार केला नव्हता.

परवा आम्ही दोघे शिवडी नाक्यावरून भाजी घेऊन येत होतो. पिशवी नानांच्या हातात होती. दोन किलो कांदे आणि वर मेथीची जुडी. माझा हात दोनदा तिच्याकडे गेला आणि मी तो ओढणीत गुंडाळला. ते मध्ये तीनदा थांबले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, फुटपाथच्या कडेला उभे राहून श्वास जमवला. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. इमारतीच्या फाटकाशी आम्हांला पाहताच वॉचमन धावत आला आणि "द्या नाना" म्हणत त्याने पिशवीला हात घातला.

"असू दे रं," नाना म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिले. सत्तावन्न वर्षांची लेक रिकाम्या हातांनी उभी आणि म्हातारा बाप ओझे वाहतोय, हे त्याला दिसत होते. मी पुढे होऊन लिफ्टचे बटण दाबले.